माता-नवजात आरोग्यसेवा व अंकीय नकाशांकन, पुणे शहरातील

गरोदर स्त्रिया, बाळंतिणी व नवजात अर्भके यांची वसतिस्थाने, त्यांना उपलब्ध असलेली आरोग्यकेंद्रे आणि या दोहोंमधील मार्ग यांची माहिती संगणकाच्या साहाय्याने नकाशावर मांडून तिच्या आधारे सेवेचे नियोजन करण्याची पद्धती. जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या अर्भकास नवजात असे म्हणतात. अर्भकाच्या आयुष्यातील हा काळ सर्वांत धोक्याचा असून नवजात मृत्यूंपैकी सु. तीन-चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यातच घडतात. मातेच्या बाबतीतही प्रसूतीचा दिवस व त्यानंतरचे काही दिवस निर्णायक ठरतात. प्रसूतीनंतरच्या तीव्र रक्तस्रावात उपचार न मिळाल्यास सरासरी दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे ‘कोण, कोठे व किती अंतरावर’ या प्रश्नांची अगोदर तयार असलेली उत्तरे या सेवेत औषधांइतकीच महत्त्वाची ठरतात. पुणे शहरात या प्रश्नांचा विचार संगणकयुगाच्या पुष्कळ आधी सुरू झाला होता.

पूर्वपीठिका : महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) व सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पुनर्विवाहाची मुभा नसलेल्या विधवांना गरोदरपण आल्यास भ्रूणहत्या, बालहत्या किंवा आत्महत्या यांखेरीज दुसरा मार्ग त्या काळी बहुधा उरत नसे. अशा स्त्रियांनी गुप्तपणे येऊन सुरक्षित बाळंत व्हावे, अशी व्यवस्था या गृहात होती. तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास या दांपत्याने दत्तक घेतले. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. गृहाचा पत्ता सर्वांस माहीत आणि येणाऱ्या स्त्रीचे नाव मात्र गुप्त, ही या व्यवस्थेची अट होती. माता-आरोग्याच्या आधुनिक नकाशांपुढेही हीच अट आजही उभी आहे.

आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचे पहिले मूल त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षी, जन्मानंतर अवघ्या दहा दिवसांत दगावले. या दुःखातून त्यांच्या वैद्यकशिक्षणाच्या निश्चयाला बळ मिळाले. १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. त्यांचा प्रबंधही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र याच विषयावर होता. मायदेशी परतल्यावर लवकरच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. एका सुशिक्षित कुटुंबातील नवजात अर्भकही त्या काळी योग्य उपचारांच्या आवाक्यात नव्हते, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

संस्थात्मक सेवेचा विस्तार त्यानंतरच्या काळात झाला. ससून रुग्णालय १८६७ पासून कार्यरत होते. परंतु रुग्णालयात बाळंतपण करण्यास बहुसंख्य कुटुंबे राजी नसत. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने स्त्रियांना परिचर्या व सुईणकाम यांचे शिक्षण देण्याचे कार्य हाती घेतले. त्यायोगे प्रशिक्षित स्त्रीच घरापर्यंत पोहोचू लागली. १९१२ मध्ये रास्ता पेठेत एका लहान प्रसूतिगृहाच्या रूपाने के. ई. एम. रुग्णालयाचा आरंभ झाला. डॉ. बानू कोयाजी (१९१७–२००४) १९४४ मध्ये तेथे रुजू झाल्या आणि पुढील काही दशकांत या प्रसूतिगृहाचे त्यांनी मोठ्या सर्वोपचारी रुग्णालयात व संशोधनकेंद्रात रूपांतर घडवून आणले. लोकसेवेबद्दल १९९३ मध्ये त्यांना मागसायसाय पुरस्कार लाभला.

देशाच्या पातळीवर भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात गरोदरपण व बाळंतपण यांमुळे दरवर्षी सु. दोन लाख स्त्रिया मृत्यू पावत असाव्यात, असा अंदाज वर्तविला. हा अंदाजच होता. कारण मृत्यू कोठे व कशाने झाला याची विश्वसनीय नोंद बहुतेक ठिकाणी होत नव्हती. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ मध्ये संमत झाला.

नकाशा व नागरी आरोग्य : रोगाचे स्थान नकाशावर मांडून त्याचे कारण शोधण्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात जॉन स्नो यांनी केलेला पटकीचा अभ्यास. मृत्यू झालेली घरे नकाशावर दर्शविली असता ती एका विशिष्ट सार्वजनिक पंपाभोवती एकवटलेली आढळली. पाण्यातून पटकी पसरते या स्नो यांच्या मतास त्यामुळे बळ मिळाले.

पुण्याचा अनुभव मात्र अधिक कटू आहे. १८९६ च्या अखेरीस शहरात प्लेग शिरला. १८९७ मध्ये डब्ल्यू. सी. रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या घेण्यात आल्या आणि रुग्णांना व संशयितांना सक्तीने हलविण्यात आले. स्त्रियांच्या तपासणीमुळे लोकांत तीव्र संताप पसरला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. सावित्रीबाई फुले यांनी याच साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. लोकांच्या संमतीवाचून घराघरांतून गोळा केलेली आरोग्यविषयक माहिती भय व प्रतिकार यांनाच जन्म देते, ही या प्रकरणाची शिकवण होय. लोक रुग्ण लपवू लागले, की ती माहितीही खरी राहत नाही.

शहराच्या शास्त्रशुद्ध पाहणीची परंपरा गोखले अर्थशास्त्र संस्थेने (स्थापना १९३०) घालून दिली. धनंजयराव गाडगीळ (१९०१–७१) यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग अनुक्रमे १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच शहरातील निरनिराळ्या वस्त्यांमधील लोकांच्या राहणीत केवढे अंतर असते, हे अशा पाहण्यांनी आकड्यांत दाखविले. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली व प्रसूतिगृहे, दवाखाने आणि लसीकरण यांची जबाबदारी तिच्याकडे आली.

अंकीय नकाशांकनाचे स्वरूप : भौगोलिक माहितीप्रणाली, म्हणजेच जीआयएस, हे या पद्धतीचे मुख्य साधन होय. तीत प्रत्येक नोंदीस अक्षांश-रेखांशांची जोड दिलेली असते आणि निरनिराळ्या विषयांची माहिती पारदर्शक पत्र्यांप्रमाणे एकमेकींवर ठेवता येते. रस्ते व गल्ल्या, प्रभागांच्या सीमा, वस्त्या, अंगणवाड्या, दवाखाने व प्रसूतिगृहे हे अशा थरांपैकी काही होत. यांवर गरोदर स्त्रियांच्या नोंदी, लसीकरण, कमी वजनाची अर्भके व मृत्यू यांचे थर ठेवले असता सेवेतील उणिवा दृष्टीस पडतात. उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती करणाऱ्या अमेरिकी प्रणालीच्या नागरी संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची मर्यादा मे २००० मध्ये उठविण्यात आली. तेव्हापासून साध्या हातयंत्राने एखाद्या घराचे स्थान नोंदविणे सुकर झाले. भारतात फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशानिर्मितीवरील बरेचसे निर्बंध शिथिल केले.

माता-आरोग्यात या साधनाचा उपयोग समजण्यासाठी सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेली ‘तीन विलंबां’ची कल्पना उपयुक्त ठरते. उपचार घेण्याचा निर्णय करण्यात होणारा विलंब हा पहिला, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातील विलंब हा दुसरा आणि तेथे पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब हा तिसरा. दुसऱ्या विलंबाचे मोजमाप नकाशा थेट करू शकतो. परंतु त्यासाठी सरळ रेषेतील अंतर पुरेसे नसते. पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतीसारख्या वस्तीत पायऱ्या व अरुंद बोळ यांतून स्त्रीला मुख्य रस्त्यापर्यंत आणण्यास लागणारा वेळ, पुढील वाहनप्रवासाच्या वेळेइतकाच विचारात घ्यावा लागतो. म्हणून प्रत्यक्ष मार्ग, चढ, वाहतुकीची कोंडी व दिवसाची वेळ धरून प्रवासकालाचे पट्टे आखले जातात.

तिसऱ्या विलंबासाठी प्रत्येक रुग्णालयाच्या नोंदीबरोबर त्याची क्षमता जोडावी लागते. शस्त्रक्रियेद्वारा प्रसूती, रक्ताची उपलब्धता, भूलतज्ञ आणि आजारी नवजातांसाठीचा विशेष कक्ष या सोयी चोवीस तास आहेत किंवा नाहीत, यावर ते रुग्णालय त्या स्त्रीच्या दृष्टीने खऱ्या अर्थाने जवळ आहे की नाही हे ठरते. दाराशी असलेल्या परंतु रात्री बंद राहणाऱ्या प्रसूतिगृहापेक्षा पाच किलोमीटरांवरील सुसज्ज रुग्णालय अधिक जवळचे मानावे लागते.

पुणे परिसरातील प्रयत्न : के. ई. एम. रुग्णालयाने १९७७ मध्ये शिरूर तालुक्यातील वढू परिसरात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच स्त्रीपुरुषांना आरोग्यरक्षक म्हणून प्रशिक्षित करणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. २००२ पासून तेथे शिरूर व हवेली या तालुक्यांतील २२ गावांत आरोग्य व लोकसंख्या यांची अखंड देखरेख सुरू झाली. घरोघर नियमित भेटी देऊन गरोदरपण, जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची नोंद केली जाते. याच परिसरातील सहा गावांत १९९३ मध्ये माता-पोषणाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यात पूर्ण दिवसांच्या अर्भकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. आढळले. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांच्या अर्भकांची वाढ अधिक चांगली असल्याचे दिसून आले. एकाच ठिकाणची, एकाच पद्धतीने, दीर्घकाळ ठेवलेली नोंद किती मोलाची असते, हे यावरून लक्षात येते.

शहरात नकाशांकनाचा आरंभ आरोग्यातून न होता घरांच्या प्रश्नातून झाला. वास्तुशिल्पज्ञ प्रतिमा जोशी व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात स्थापन केलेल्या शेल्टर असोसिएट्स या पुण्यातील संस्थेने झोपडवस्त्यांचे घरनिहाय सर्वेक्षण करून ते जीआयएसवर मांडण्यास सुरुवात केली. पुणे महानगरपालिकेच्या पुढाकाराने २००० मध्ये हाती घेतलेल्या झोपडपट्टी गणनेत या पद्धतीचा वापर झाला. माहिती गोळा करण्याचे काम पुष्कळ अंशी वस्तीतील स्त्रियांनीच केले. पुढे २०११ मध्ये मशाल या संस्थेने पुण्यातील झोपडवस्त्यांचा नकाशासंग्रह तयार केला. तोपर्यंत शहराच्या अधिकृत नकाशांत बहुतेक वस्त्या केवळ एक रंगविलेला तुकडा म्हणून दाखविल्या जात. घरे, गल्ल्या, नळ, शौचालये व गटारे यांची मांडणी झाल्यावर आरोग्यसेविकेस घर शोधता येईल असा आधार प्रथमच निर्माण झाला. पाणी व शौचालये यांचा गरोदर स्त्रीच्या व नवजाताच्या आरोग्याशी असलेला निकट संबंध पाहता हे नकाशे आरोग्याचेही नकाशे ठरतात.

शासनाच्या पातळीवर २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना, २००९ मध्ये गरोदर माता व बालके यांचा नावनिहाय मागोवा घेणारी संगणकीय प्रणाली व २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. २०१३ मध्ये मान्यता मिळालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने शहरांतील घोषित व अघोषित वस्त्यांची यादी व नकाशे करण्यावर भर दिला. सु. ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्यकेंद्र आणि २०० ते ५०० कुटुंबांमागे एक आशा कार्यकर्ती, असे प्रमाण त्यात धरण्यात आले. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची तातडीची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिचे राज्यस्तरीय नियंत्रणकेंद्र पुण्यातील औंध येथील रुग्णालयाच्या आवारात उभारण्यात आले. उपग्रहाद्वारे स्थान कळणाऱ्या ९३७ रुग्णवाहिका या सेवेत होत्या. २०२० मध्ये करोनाच्या साथीत रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडून प्रतिबंधित क्षेत्रे ठरविण्यात आली आणि महानगरपालिकेच्या कामकाजात अशा नकाशांचा वापर रूढ झाला.

महाराष्ट्रातील इतर प्रयोग : डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत केलेला घरोघरी नवजात-सेवेचा प्रयोग या विषयात मैलाचा दगड मानला जातो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे ६२ वरून सु. २५ पर्यंत खाली आला. यात संगणकीय नकाशा नव्हता. परंतु प्रत्येक गरोदर स्त्रीचे घर प्रशिक्षित आरोग्यदूतास माहीत होते. या प्रयोगाच्या आधारे २०११ मध्ये देशभर आशा कार्यकर्तींच्या नवजात-भेटींचा कार्यक्रम स्वीकारण्यात आला. रुग्णालयात जन्मलेल्या अर्भकास ४२ दिवसांत सहा व घरी जन्मलेल्यास सात भेटी त्यात ठरविल्या आहेत.

मुंबईत स्नेहा या संस्थेने २००५ पासून झोपडवस्त्यांतील नवजात आरोग्यावर काम केले. ४८ वस्त्यांतील स्त्रीगटांच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत अपेक्षित सुधारणा दिसून आली नाही. ग्रामीण भागात यशस्वी ठरलेली रीत सतत बदलणाऱ्या महानगरी वस्तीत जशीच्या तशी लागू पडत नाही, असा त्याचा बोध घेता येतो.

अडचणी व मर्यादा : पुण्यासारख्या शहरात रुग्णालयांची संख्या मोठी आहे, अनेकदा अडचण येते ती स्त्रीची नोंदच नसल्याने. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यान्वये घोषित झालेल्या झोपडपट्टीस सुविधा मिळणे सोपे जाते. अघोषित वस्ती मात्र यादीत व नकाशात दिसत नाही. बांधकामाच्या जागेवरील मजुरांची पाले व वीटभट्ट्यांवरील वस्त्या तर काही महिन्यांतच हलतात. २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाली व त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे पुढे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. प्रत्येक हद्दबदलाबरोबर सेवेची जबाबदारी जिल्हा परिषदेकडून महानगरपालिकेकडे किंवा उलट जाते आणि मधल्या काळात नोंदी तुटतात. पुणे व खडकी ही कटकमंडळे आणि १९८२ मध्ये स्थापन झालेली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका यांच्या सीमा लोकांच्या दैनंदिन वावरात जाणवत नाहीत. नोंदवह्यांत मात्र त्या पक्क्या असतात.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रूढी ही दुसरी अडचण होय. पुण्यात नोंद झालेली स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात सातारा, सोलापूर किंवा मराठवाड्यातील माहेरी जाते व अर्भक दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर परतते. याचा अर्थ सर्वाधिक धोक्याच्या काळात ती पुण्याच्या नकाशावर नसते आणि माहेरच्या नकाशावर बहुधा पाहुणी असते. एकाच घराच्या बिंदूशी स्त्रीला बांधणारी प्रणाली येथे अपुरी पडते. दोन्ही पत्ते व प्रवासाची वेळ यांची नोंद आवश्यक ठरते. खाजगी रुग्णालयांतील बाळंतपणांची माहिती वेळेवर न मिळणे, एकाच नावाच्या निरनिराळ्या लेखनामुळे होणारी दुबार नोंद आणि आशा कार्यकर्तींवर पडणारा नोंदलेखनाचा भार याही नित्याच्या अडचणी आहेत.

गोपनीयतेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. गरोदरपणाची नोंद पत्त्यासह उघड झाल्यास अविवाहित स्त्री, गर्भपात करून घेणारी स्त्री किंवा एचआयव्हीबाधित माता यांना गंभीर परिणाम भोगावे लागू शकतात. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा १९९४ चा कायदा आणि १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा या दोहोंच्या अंमलबजावणीत हा तोल सांभाळावा लागतो. कारण पहिल्यासाठी देखरेख लागते आणि दुसऱ्यासाठी गुप्तता. म्हणून घराचा नेमका बिंदू केवळ सेवा देणाऱ्या कार्यकर्तीस दिसावा व नियोजनासाठी वस्ती वा प्रभाग यांचे एकत्रित आकडेच वापरावेत, अशी रीत योग्य मानली जाते. वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये संमत झाला.

मूल्यमापन : नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८–२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले, देशाचे प्रमाण ९७ होते. २०२० मध्ये राज्याचा नवजात मृत्युदर हजारी ११, तर देशाचा २० होता. ही प्रगती रुग्णालयातील प्रसूती, लसीकरण, रुग्णवाहिका, परिचारिकांचे कष्ट व स्त्रीशिक्षण अशा अनेक कारणांनी झालेली असून तिचे श्रेय एकट्या नकाशांकनास देता येत नाही. मात्र दर खाली येतो तसे उरलेले मृत्यू विशिष्ट वस्त्यांत व विशिष्ट कुटुंबांत एकवटत जातात आणि सरासरीचे आकडे त्यांना झाकून टाकतात. अशा टप्प्यावर नकाशाचे महत्त्व वाढते. प्रत्येक मातामृत्यूचे व बालमृत्यूचे अन्वेषण करण्याची पद्धत देशात २०१० नंतर रूढ झाली आहे. त्या अन्वेषणातील तीन विलंब नकाशावर मांडले, तर पुढील प्रसूतिगृह किंवा रुग्णवाहिकेचा पुढील थांबा कोठे हवा, याचा निर्णय अधिक न्याय्य रीतीने करता येतो.

नकाशा स्वतः सेवा देत नाही. नकाशावर दिसलेल्या घरापर्यंत चालत जाणारी कार्यकर्ती, तिने पाठविलेल्या स्त्रीस रात्री दाखल करून घेणारे रुग्णालय आणि दिलेली माहिती जपली जाईल हा त्या स्त्रीचा विश्वास, या तीन गोष्टींवर त्याची उपयुक्तता अवलंबून असते. १८६३ मध्ये पुण्यातील एका घराने निराधार स्त्रियांना असा विश्वास दिला होता. अंकीय नकाशांकनाच्या यशाची खरी कसोटीही हीच होय.